घरच्या पीसीवर क्रिप्टो मायनिंग परवडतं का? कोल्हापुरातल्या एका घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

राजारामपुरीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि कॉलेजची पोरं एक प्रश्न मला परत परत विचारतात, काका घरच्या पीसीवर मायनिंग करून, म्हणजे कॉम्प्युटरला सतत गणितं करायला लावून बिटकॉइनसारखी क्रिप्टो नाणी मिळवून, खरंच पैसे सुटतात का. हो किंवा नाही असं एका शब्दात सांगून कुणाचं समाधान होत नाही, म्हणून एका घराची पूर्ण केस लिहितोय, कारण या विषयाला जेवढे फाटे फुटतात ते जवळपास सगळे या एकाच घरात निघाले. घरच्यांना विचारून लिहितोय, ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्यात.

घर सानेगुरुजी वसाहतीच्या बाजूला, टू बीएचके. वडलांचं उद्यमनगरात लेथवरचं छोटं काम, आई घरी शिलाई करते, पोरगा बीसीएसच्या दुसऱ्या वर्षाला. पीसी सेकंडहँड पण चांगला, रायझन ५ ३६०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक कार्ड. पोराचा अभ्यास आणि गेम त्याच्यावर, आणि वडलांची टॅलीतली बिलं, जीएसटी, नेट बँकिंग पण त्याच्यावरच. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

पोराच्या डोक्यात मायनिंगचा किडा घातला तो पुण्यातल्या चुलतभावानं. त्यानं २०२१ मध्ये असंच कार्ड इथेरियमला लावून दिवसाला दीडशे-दोनशे रुपये काढले होते आणि ते खोटं नव्हतं, तेव्हा खरंच तेवढं मिळायचं. पण १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमनं मायनिंगची पद्धतच बंद केली, त्याला मर्ज म्हणतात, आणि जगभरातली लाखो ग्राफिक कार्डं एका दिवसात बिनकामाची झाली, मग ती सगळी इथेरियम क्लासिक, रेव्हनकॉइन असल्या छोट्या नाण्यांवर जाऊन बसली आणि तिथलीही कमाई पडली. यूट्यूबवरचे २०२१ चे व्हिडिओ मात्र अजून तसेच आहेत, आणि नवीन पोरगा बघताना वरची तारीख बघत नाही.

अडचण काय होती

जानेवारी २०२५ मध्ये पोरानं सुरुवात केली. आधी बिटकॉइनच काढायचा विचार होता पण तो त्याचा त्यानंच सोडला, कारण बिटकॉइनचं नेटवर्क आता कुठल्या कुठं गेलंय. २००९ मध्ये साध्या सीपीयूवर, म्हणजे प्रोसेसरवर निघायचं, २०१० पासून ग्राफिक कार्डं आली, २०१३ पासून फक्त त्याच कामासाठी बनवलेली एसिक मशीन आली, आणि एप्रिल २०२४ च्या हाल्विंगनंतर, म्हणजे बक्षीस निम्मं झाल्यावर, एका ब्लॉकला (व्यवहारांच्या एका गठ्ठ्याला) ३.१२५ बिटकॉइनच मिळतात. साधा सीपीयू सेकंदाला एक-दोन कोटी हॅश, म्हणजे मायनिंगची गणितं, करतो, ऐकायला लई मोठं वाटतं, पण त्या हिशोबानं एक सातोशी म्हणजे बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग मिळायलाच काही वर्षं जातील.

म्हणून त्यानं सीपीयूवर मोनेरो नावाचं नाणं लावलं. निवड अगदी बरोबर होती हे मी आजही म्हणतो. मोनेरोनं नोव्हेंबर २०१९ पासून रँडमएक्स नावाची पद्धत आणली ती मुद्दाम साध्या प्रोसेसरला सोयीची केलेली आहे, एसिकवाल्यांना तिथं फायदा मिळू नये म्हणून. म्हणजे घरच्या कॉम्प्युटरवर काही निघणार असेल तर तिथंच निघणार. ग्राफिक कार्डावर इथेरियम क्लासिक लावलं. आधी फक्त रात्री, मग फेब्रुवारीत चोवीस तास.

मार्चमध्ये लाईट बिल आलं. दर महिन्याला १८० युनिटच्या आसपास असायचं ते सव्वातीनशेच्या जवळ गेलं आणि रक्कम एकोणीसशेवरून एकोणचाळीसशेच्या घरात. आई बिल घेऊन दुकानात आल्या, म्हणाल्या, "भाऊ, मीटर खराब झालाय म्हणतोय पोरगा, तुम्हीच बगा की जरा. एसी नाही, गिझर नाही, बिल दुप्पट कसं येतंय?" मागं पोरगा उभा होता. मीटर खराब नव्हता हे त्याला पण माहीत होतं, पण घरात सांगायचं धाडस होत नव्हतं, कारण पुढच्या महिन्यात आईची भिशी लागणार होती आणि त्यातल्या १८ हजारात सेकंडहँड आरटीएक्स ३०६० टीआय घ्यायचं त्याचं ठरलं होतं. पोरगा लबाड नाही. त्याला मनापासून वाटत होतं की एक कार्ड वाढवलं की गाडी फायद्यात येईल.

कागदावरचा हिशोब आणि भिंतीवरचा हिशोब

मी त्याला म्हटलं तुझा हिशोब दाखव. त्यानं मोबाईलमध्ये एक्सेल केलेलं होतं आणि वरवर बघितलं तर ते चुकीचं वाटत नव्हतं. प्रोसेसर सेकंदाला ७,००० हॅश, त्याचे दिवसाला साधारण १४ रुपये. सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसर ७५ वॉट खातोय असं दिसतं, म्हणजे दिवसाला १.८ युनिट. वडलांनी सांगितलेलं की आपल्याला सहा रुपये युनिट पडतं, म्हणजे ११ रुपये खर्च. रोज तीन रुपये फायदा, थोडा का होईना, आणि मशीन वाढवली की तो वाढणार.

यात दोन आकडे घसरलेले होते आणि सगळी केस या दोनच आकड्यांवर फिरली.

पहिला आकडा वॉटचा. सॉफ्टवेअर फक्त प्रोसेसरच्या चिपचं सांगतं. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे आणि एसएमपीएसमध्ये, म्हणजे पीसीच्या पॉवर सप्लायमध्ये, उष्णता होऊन जाणारी वीज त्यात येत नाही. माझ्याकडं प्लगमध्ये लावायचा वॉट मीटर आहे, ऑनलाईन हजाराच्या आत मिळतो, तो त्याला दिला आणि म्हटलं एक दिवस लावून ठेव. नुसता सीपीयू चालू असताना ११५ वॉट, ग्राफिक कार्ड पण चालू केलं की २०० वॉट. म्हणजे दिवसाला ४.८ युनिट, महिन्याला १४४.

दुसरा आकडा दराचा, आणि इथं बहुतेक घरं फसतात. महावितरणचे घरगुती टप्पे १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे आहेत, आणि सहा रुपये हा फक्त पहिल्या शंभर युनिटांचा दर होता. ते शंभर युनिट तर फ्रिज, पंखे आणि शिलाई मशीननं आधीच खाल्लेले असतात. मायनिंगचं प्रत्येक युनिट वरून पडणार, म्हणजे ते वरच्या टप्प्याच्या दरानंच मोजायला पाहिजे. त्या वर्षीच्या दरानं १०१ ते ३०० मध्ये वहन आकार (वीज पोचवण्याचा आकार) आणि १६ टक्के वीज शुल्क धरून युनिट तेरा रुपयांच्या वर जात होतं, आणि ३०० ओलांडलं की अठराच्या वर. या घराचे १८० होते, त्यात १४४ मिळवले की ३२४, म्हणजे शेवटचे २४ युनिट अठरा रुपयांनी लागले.

दोन्ही आकडे दुरुस्त करून परत मांडलं. सीपीयूचे दिवसाला १४, ग्राफिक कार्डाचे ४, असे महिन्याला ५४० रुपये येणार. वीज दोन हजाराच्या वर. पोरगा बराच वेळ मोबाईलकडं बघत बसला, मग म्हणाला, "म्हणजे काका, मशीन वाढवली तर तोटाच वाढणार की." मला काही बोलावंच लागलं नाही.

वडलांना वाटत होतं की आता सुरुवात आहे, पुढं जास्त मिळेल. ते का होणार नाही हे पण सांगायला लागलं. मोनेरोत दर दोन मिनिटाला एक ब्लॉक आणि ब्लॉकला ०.६ मोनेरो, म्हणजे जगभरात मिळून दिवसाला ४३२, तेवढेच. मायनिंग करणारे वाढले तर ते वाढत नाहीत, डिफिकल्टी वाढते, म्हणजे गणित अवघड होतं. पंगतीत माणसं वाढली तरी भात तेवढाच, तसं आहे ते. त्या वेळी नेटवर्क साधारण चार अब्ज हॅशचं होतं आणि त्यात आपले सात हजार, आणि उलट भाव वाढला की जगभरातले बंद पडलेले लोक परत येऊन बसतात, त्यामुळं भाव वाढल्याचा फायदा पण फार दिवस टिकत नाही.

समोर असलेले पर्याय

मग वडील पण दुकानात आले आणि आम्ही चौघं बसलो. रागावून बंद कर म्हणणं सोपं होतं, पण तसं केलं की पोरगं दुसऱ्या कुणाचं तरी ऐकून तेच परत करतं, म्हणून एकेक पर्याय घेऊन बोललो.

नवीन कार्ड घ्यायचं का. ३०६० टीआय इथेरियम क्लासिकला १६६० सुपरच्या साधारण दुप्पट वेग देतं, म्हणजे चार रुपयाचे आठ. वीज दिवसाला अजून तीन युनिट आणि ती आता अठराच्या टप्प्यात, म्हणजे पन्नास रुपयांच्या आसपास. १८ हजार घालून रोज चाळीसचा खड्डा. हा विषय दोन मिनिटात संपला. पोरानं मधेच विचारलं मग थेट एसिकच घेतलं तर, तर त्याचं पण बघितलं. अँटमायनर एस२१ घेतलं तर सेकंदाला २०० टेराहॅश, म्हणजे दोनशे लाख कोटी हॅश, आणि ३,५०० वॉट, दिवसाला ८४ युनिट. घरच्या मीटरवर ते जवळपास सगळेच ५०० च्या वरच्या टप्प्यात जातात, म्हणजे दिवसाला १,७०० रुपयांच्या आसपास वीज आणि त्या वेळच्या भावानं उत्पन्न ९०० च्या आसपास. वर तो आवाज, फ्लॅटमध्ये शेजारी एक दिवस सहन करणार नाहीत, आणि घरगुती मीटरवर धंदा चालवणं हा वीज कायद्याच्या कलम १२६ चा वेगळाच विषय.

आत्ता तोटा सोसून नाणी साठवायची, भाव वाढल्यावर विकायची का. या मुद्द्यावर पोरगा सगळ्यात जास्त भांडला आणि भांडावं असाच मुद्दा आहे. मोनेरो वाढणारच अशी खात्री असेल, तर त्यावर माझं एकच म्हणणं होतं: दोन हजाराची वीज जाळून ५४० ची नाणी मिळतात, तेच दोन हजार घेऊन थेट नाणी विकत घेतलीस तर जवळजवळ चौपट मिळतील. भाव वाढला तरी चौपट जास्त, पडला तरी निदान पीसी झिजला नाही. मी विकत घे असं म्हणत नाही, घरच्यांनाही तसं स्पष्ट सांगितलं, पण भाव वाढेल या आशेनं मायनिंगचा तोटा भरून निघत नाही, कारण ती आशा विकत घेणाऱ्यालाही तेवढीच लागू आहे.

कॉलेजच्या लॅबमध्ये लावायचं का. मित्रानं सुचवलं होतं, तीस मशीन रात्रभर बंदच असतात, पेन ड्राईव्हवरून टाकायचं, वीज कॉलेजची. इथं मी आवाज चढवला. मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या कॉम्प्युटरवर असं काही चालवणं म्हणजे आयटी कायद्याचं कलम ४३ आणि ६६, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड. आणि मिळणार किती, जुन्या लॅब मशीनवर दिवसाला पाच-सहा रुपये एकेकाला. शिक्षण पणाला लावायचं ते एवढ्यासाठी? पोराच्या डोळ्यात दिसलं की त्याला यातलं गांभीर्य माहीतच नव्हतं, मित्रांत ते गंमत म्हणून बोललं गेलं होतं.

क्लाउड मायनिंग. हे वडलांनी काढलं. त्यांच्या एका ओळखीच्यानं हॉटेलातल्या मीटिंगला बोलावलं होतं, मशीन परदेशात, तुम्ही फक्त प्लॅन घ्या, महिन्याला ठरलेला परतावा, खाली दोन माणसं जोडली की कमिशन. मला या प्रकाराची घरच्या मायनिंगपेक्षा कितीतरी जास्त भीती वाटते, कारण घरच्या मायनिंगमध्ये तोटा लाईट बिलाएवढाच असतो. गेनबिटकॉइनचं उदाहरण दिलं: अमित भारद्वाजची योजना, महिन्याला १० टक्के, १८ महिने, मायनिंगच्या नावावर. पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये त्याला पकडलं, २०२२ मध्ये तो वारला, लोकांचे पैसे अजून अडकलेले आहेत, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयनं देशभर साठेक ठिकाणी झडत्या घेतल्या त्यात पुणे, नांदेडबरोबर कोल्हापूरचं पण नाव होतं. वडलांनी ती बातमी वाचलेली होती, फक्त आपल्याला बोलावणं आलंय त्याच्याशी तिचा संबंध त्यांनी जोडला नव्हता. खऱ्या मायनिंगचं उत्पन्न रोज बदलतं, हे एवढ्या बेरजा केल्यावर त्यांना समजलं होतं, त्यामुळं ठरलेला परतावा हा शब्द ऐकूनच त्यांनी मान हलवली.

सोलर. कळंब्याला मामांच्या घरावर पीएम सूर्यघर योजनेतून ३ किलोवॉट बसवलंय, मग तिथं वीज फुकटच की, असं पोराचं म्हणणं. हा पर्याय मी गंभीरपणे घेतला कारण घरगुती मायनिंगचं गणित जुळायची शक्यता फक्त इथंच आहे. पण नेट मीटरिंगमध्ये वीज फुकट नसते. दिवसाचं बारा युनिटच्या आसपास उत्पादन, जे वापरत नाही ते महावितरणकडं जमा होतं आणि घरच्या पुढच्या बिलातून वजा होतं, म्हणजे मामांच्या घरी ते युनिट खर्च होणार असेल तर त्याची किंमत तुमच्या आमच्यासारखीच. वर्षाअखेर खरोखर शिल्लक राहणारे युनिट तेवढे स्वस्त, कारण त्यांचा परतावा कमी दरानं मिळतो. तो दर तीन रुपये धरून बघितला, नुसत्या सीपीयूचे महिन्याला ८३ युनिट म्हणजे अडीचशे रुपये, उत्पन्न सव्वाचारशे. वर दीड-पावणेदोनशे रुपये राहतात.

त्याच्यावर टॅक्स यायचाय. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के आणि वर सेस, आणि मायनिंगची मशीन वगैरेवरचा खर्च खरेदी किंमत म्हणून धरता येणार नाही हे सरकारनं संसदेत सांगितलंय. म्हणजे विक्रीच्या पूर्ण रकमेवर, सव्वाचारशेवर १३० रुपये. राहिले चाळीसेक रुपये महिन्याला. ते पण मोनेरो विकता आलं तर, कारण बायनान्स या मोठ्या क्रिप्टो एक्स्चेंजनं फेब्रुवारी २०२४ मध्येच ते काढून टाकलं आणि इथल्या एक्स्चेंजवर ते विकणं सोपं नाही.

काय केलं

त्याच संध्याकाळी चोवीस तासाचं मायनिंग बंद. पण मी आधी हात घातला तो दुसऱ्याच गोष्टीत. मायनिंगचं सॉफ्टवेअर एक्सएमरिग, ते स्वतः ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड कुणालाही बघता येतो, पण विंडोजचा अँटिव्हायरस डिफेंडर त्याला धोका म्हणून पकडतो, म्हणून व्हिडिओवाले सांगतात डिफेंडर बंद करा. याने बंद केला होता, आणि सॉफ्टवेअर टेलिग्रामवरच्या लिंकवरून घेतलं होतं. ज्या पीसीवर वडील नेट बँकिंग करतात त्या पीसीवर! तपासलं तर त्या झिपमध्ये एक जादाची फाईल होती आणि ती विंडोज चालू होताना आपोआप सुरू होत होती. ती नेमकं काय करत होती याच्या मागं न लागता टॅलीचा बॅकअप काढला, पूर्ण फॉरमॅट मारला, आणि वडलांना दुसऱ्या मोबाईलवरून सगळे पासवर्ड बदलायला लावले. बँकेतून काही गेलं नव्हतं.

कूलर उघडला तर मार्चमध्येच कंपनीचा छोटा पंखा ८५ डिग्रीवर धापा टाकत होता आणि प्रोसेसरवरची उष्णता कूलरकडं नेणारी पेस्ट वाळून गेली होती. पेस्ट बदलली, धूळ काढली.

निकाल काय लागला

पूलमध्ये, म्हणजे बऱ्याच जणांची मशीन जोडून एकत्र मायनिंग करणाऱ्या गटात, जमा झालेलं मोनेरो पैसे काढायच्या किमान रकमेला पोचलंच नव्हतं, ते तिथंच राहिलं. इथेरियम क्लासिकचं पण तसंच. म्हणजे हातात एक रुपया आला नाही आणि जादा वीज गेली तीन हजाराच्या आसपास, जानेवारीच्या रात्री धरून. एप्रिलचं बिल परत १९० युनिटवर आलं. भिशीचे पैसे आईनं ठेवीत टाकले, वडील त्या मीटिंगला गेले नाहीत.

पोरगा मात्र यातनं बरंच शिकला. हॅश म्हणजे काय, पूल कसा चालतो, लिनक्सवर तेच सॉफ्टवेअर सोर्सवरून कसं बांधायचं, हे त्यानं फॉरमॅटनंतर नीट करून बघितलं, वडलांना सांगून, वॉट मीटर लावून, एक-दोन तास. कॉलेजच्या प्रोजेक्टला ब्लॉकचेन घेतलंय. त्याच ग्राफिक कार्डावर आता एका लग्नाच्या फोटोग्राफरचे व्हिडिओ एडिट करून देतो आणि एका व्हिडिओला जे मिळतं ते मायनिंगच्या कितीतरी महिन्यांचं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी क्रम. सॉफ्टवेअर टाकलं, मग कार्ड बघितलं, मग बिल आलं आणि शेवटी मोजणी झाली. मोजणी पहिली झाली असती, एक दिवस वॉट मीटर आणि जुनं बिल समोर, तर एका संध्याकाळी विषय संपत होता. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, त्यातला उन्हाळ्यातला आकडा धरा, कारण मे महिन्यात घर आपलं आपणच वरच्या टप्प्यात जातं.

दुसरं, घरात आधी सांगायला पाहिजे होतं. हे मी संस्कार म्हणून सांगत नाही. बिल वडील भरतात, बँकिंग वडलांचं, भिशी आईची, म्हणजे धोका सगळ्यांचा आणि माहिती एकट्याची. आई पहिल्याच महिन्यात विचारत होत्या तेव्हा मीटरवर ढकललं नसतं तर फेब्रुवारीचा चोवीस तासाचा महिना टळला असता.

तिसरं, शिकायचंच असेल तर बँकिंगच्या पीसीवर नको, दुसऱ्या जुन्या मशीनवर नाहीतर पेन ड्राईव्हवरच्या लिनक्सवर, सॉफ्टवेअर मूळ ठिकाणाहून घेऊन आणि सोबत दिलेला चेकसम, म्हणजे फाईल बदललेली नाही हे दाखवणारा कोड, तपासून. आणि ज्याच्या छतावर वर्षाअखेर खरंच युनिट उरतात, त्यानं आधी दोन-तीन वर्षांच्या बिलांवरून ते किती उरतात ते काढावं, त्याशिवाय या हिशोबात पुढचा एकही आकडा भरता येत नाही.